धुऱ्यापलीकडची भट्टी

वेचणीला कोणी आलं नाही.

मनकर्णा सकाळी सातलाच वावरात येऊन उभी राहिली होती. दिपालीच्या टोळीतल्या आठ बायका दरवर्षी तिचा कापूस वेचायच्या. आदल्या संध्याकाळी दिपालीने येतो म्हणून सांगितलंही होतं. नऊ वाजले, कपाशीच्या पराटीवरचं दव वाळलं, तेव्हा टोळी रस्त्यावर दिसली. डोक्याला रुमाल, हातात डबे. मनकर्णाच्या धुऱ्यापाशी, वावराच्या बांधापाशी, आल्यावर बायकांचं बोलणं बंद झालं आणि त्या माना खाली घालून रस्त्याच्या दुसऱ्या बाजूच्या मुकुंदच्या वावराकडे वळल्या. दिपाली सगळ्यांत मागे होती.

"दिपाली, तिकडे काहून वं?"

दिपाली थांबली. रुमालाची गाठ सोडून तिने पुन्हा बांधली. "मावशी, घरून नाई म्हटलं."

"कोनाच्या घरून?"

"साऱ्याइच्याच." एवढं बोलून ती भराभरा पुढे गेली.

मनकर्णाने कापूस टाकायची ओटी कमरेला बांधली आणि एकटीच पहिल्या ओळीला लागली. तीन एकरांची वेचणी. तिचं वय अठ्ठावन्न. उजव्या गुडघ्यात पाणी झालेलं, त्यामुळे खालच्या बोंडांसाठी वाकताना ती डाव्या पायावर भार द्यायची. वाळलेल्या बोंडांची टोकं नखांच्या कडेला टोचायची आणि थंडीत ते टोचणं थेट कोपरापर्यंत जायचं. पण तिला सवय होती. सवय झाली नव्हती ती कापसाच्या रंगाची. बोंडातून ओढलेला कापूस हातात यायचा तो राखाडी, बोटांनी चोळला की बोटं काळी.

धुऱ्यापलीकडे टायर गाळायची भट्टी होती. टिनाचं मोठं शेड, दोन चिमण्या, आणि शेडच्या मागे जुन्या टायरांचा ढीग, तिच्या घरापेक्षा उंच. तिथे टायर वितळवून त्यांचं तेल काढत. मालक परका नव्हता. सुमंत या वडधरा गावचाच, तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या मित्राचा मुलगा, लहानपणी तिच्याच ओट्यावर बसून भाकर खाल्लेला. नागपूरला इंजिनियर झाला आणि तीन वर्षांपूर्वी स्वतःच्या वावरात त्याने हा कारखाना उभा केला. उद्घाटनाला सारं गाव होतं. चौतीस जणांना काम मिळालं. मनकर्णाचा मुलगा अमोल भट्टीवर लागला तेव्हा तिने घरोघरी पेढे वाटले होते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तिच्या नातीला धाप लागायला लागली. मयुरा तेव्हा चार वर्षांची होती. आता सात. या तीन वर्षांत तिला चार वेळा नागपूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. शेवटच्या वेळी शेजारच्या खाटेवर अरुंधतीबाई नावाच्या एका वकिलीणबाईंची आई होती. अरुंधतीबाईंनी मुलीच्या छातीचा उडता भाता पाहिला, चौकशी केली आणि जाताना आपला नंबर लिहून दिला. तो कागद मनकर्णाने दोन महिने ट्रंकेत ठेवला. त्याआधी ती सुमंतकडे तीनदा जाऊन आली होती, ग्रामसभेत बोलली होती, अर्ज केले होते. तपासणीला साहेब आले त्या दिवशी भट्टी थंड होती आणि शेड झाडून लख्ख केलेलं होतं. मग तिने नंबर काढला.

मागच्या आठवड्यात हायकोर्टाची नोटीस सुमंतच्या हाती पडली. अर्जदार म्हणून एकच नाव होतं.

दुपारी ती बोरीच्या सावलीत डबा उघडून बसली होती, तेव्हा धुरा ओलांडून सुमंत आला. पायात कामाचे बूट, शर्टावर तेलाचे डाग. मालक असूनही तो स्वतः मशीनला हात लावायचा. तो तिच्यासमोर ढेकळावर बसला.

"काकू, घरी बोलावून सांगाचं होतं ना. कोर्टाचा कागद काहून पाठवला?"

"तीनदा सांगतलं, बाबू. पह्यल्या खेपेले तू म्हटलं, चिमणी उंच करतो. दुसऱ्या खेपेले म्हटलं, मशीन सांगतली हाये. तिसऱ्या खेपेले तू भेटलाच नाई."

"त्या मशीनले वेळ लागते. धूर धुवाचं यंत्र हाये थे, दुकानात नाई भेटत." त्याने एक काडी उचलून मातीत रेघ ओढली. "मी काही बाहेरून येऊन गाव लुटून नाई राहिलो. माह्या वावरात उभं केलं, माह्या गावातल्या लोकाइले काम देल्लं. धंदा कराचा हक्क मलेही हाये, काकू. घटनेत लिहिलं हाये."

"असन. मी कुठं नाई म्हटलं? धंदा तू तुह्या वावरात करतं. पन धूर तुह्या वावरात राहते का, बाप्पा?"

सुमंतने मातीतली रेघ बुटाने पुसली. मग हळू आवाजात म्हणाला, "नागपूरच्या मनीषनगरात माहा फ्लॅट रिकामा हाये. मयुराले घेऊन तिथं राह्य. पाह्यजे तितके दिवस. तिच्या शाळेचं मी पाह्यतो."

मनकर्णाने डबा बंद केला. तो हे मनापासून बोलत होता, हे तिला दिसत होतं, आणि त्यामुळे उत्तर देणं जड गेलं.

"अन् बाकीचे लेकरं?"

"बाकी कोनी तक्रार नाई केली."

"तक्रार नाई केली. खोकून तं सारेच राहिले."

तो उठला. बुटांना लागलेली माती झटकली. "अमोल माह्याकडे कामाले हाये, हे ध्यानात ठेव." त्याने ते धमकीसारखं म्हटलं नाही. थकल्यासारखं म्हटलं आणि धुरा ओलांडून गेला.

संध्याकाळी अमोल कामावरून आला. कानामागे, मानेच्या वळ्यांत काळा घाम साचलेला. तो मोरीत बराच वेळ अंग घासत राहिला. वंदना, त्याची बायको, चुलीपुढे पोळ्या लाटत होती. मयुरा भिंतीला टेकून उशीवर बसली होती, कारण आडवं झालं की तिला श्वास पुरत नसे. बोलताना ती दर दोन शब्दांनी थांबायची.

ताटावर बसल्यावर अमोल म्हणाला, "माय, केस मागं घे."

मनकर्णा वरण वाढत होती. "पोरगी तुही हाये, अमोल."

"म्हनून तं म्हनतो. भट्टी बंद झाली तं तिचं औषध कुठून आनू?" त्याने घास हातात तसाच धरला होता. "आज डबा खाताना माह्या जवळ कोनी बसलं नाई. चौतीस घरं हायेत, माय. सारे मले इचारून राहिले, तुह्या मायले आपलं खानं डोळ्यात खुपते काय."

"मी कोनाचं खानं नाई मांगत. धूर बंद करा म्हनतो."

"एकच गोष्ट हाये थे!"

मयुराला खोकल्याची उबळ आली. वंदना पिठाच्या हातांनीच उठली, औषधाचा पंप तिच्या तोंडाशी धरला, दाबला आणि मोठ्याने दहापर्यंत आकडे म्हणत राहिली, म्हणजे पोरीने श्वास तेवढा वेळ धरावा. सात झाले तेव्हा मयुराने सोडून दिला. अमोलने अर्धं ताट ठेवून हात धुतले.

पुढचे अठरा दिवस मनकर्णा एकटीच वेचत होती. सकाळी वंदना दोन तास हाताशी यायची, पण पोरीला सोडून तिला थांबता येत नसे. नळावर मनकर्णा गेली की बायका आपले पाण्याचे गुंड, कळशा उचलून बाजूला व्हायच्या, जणू तिला आधी पाणी भरू द्यावं असा मान देत आहेत. ती भरून निघाली की पुन्हा गलका सुरू व्हायचा. एकदा चक्कीवाल्याने तिचा गव्हाचा डबा संध्याकाळी जसाच्या तसा परत दिला. पट्टा तुटला म्हणाला. चक्की तिच्यासमोर चालू होती.

जानेवारीत तारीख लागली. ती पहाटेच्या बसने एकटी नागपूरला गेली. सिव्हिल लाइन्समधल्या कोर्टाच्या दगडी पायऱ्या चढताना तिने गुडघ्यावर हात ठेवला. अरुंधतीबाई वरच्या व्हरांड्यात उभ्या होत्या, पन्नाशीच्या, पांढरा गळपट्टा, हातात जाड फाईल. त्यांनी तिला बाकावर बसवलं.

"त्यांच्या वकिलांनी परवा उत्तर दाखल केलंय, मनकर्णाबाई. त्यांचं म्हणणं असं, की परवाना आहे, धंदा करण्याचा मूलभूत हक्क आहे, आणि चौतीस कुटुंबं त्यावर जगतात. आपलं म्हणणं, त्या हक्काला लोकांच्या हितासाठी मर्यादा घालता येते. जगण्याच्या हक्कात स्वच्छ हवा येते. एकविसावं कलम. तुमच्या नातीचा श्वास त्यात येतो."

"अन् माह्या पोराची रोजी? थे कोन्या कलमात येते?"

अरुंधतीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "तीसुद्धा एकविसातच धरतात," त्या म्हणाल्या. मग फाईलमधून एक कागद काढून त्यांनी तिच्यासमोर धरला. "आणखी एक आहे. कामगारांची शपथपत्रं जोडलीत. ही सही ओळखता?"

मनकर्णाने ओळखली. 'अ' ची पहिली रेघ लांब ओढायची त्याची शाळेपासूनची खोड होती.

"यात काय लिहिलं हाये?"

"की धुराचा त्रास कोणालाच नाही. आणि माझ्या मुलीला दम्याचा विकार जन्मापासून आहे, कारखान्याशी त्याचा संबंध नाही."

व्हरांड्यातून काळे कोट घातलेली माणसं घाईने जात होती. मनकर्णा त्या सहीकडे पाहत राहिली.

"तुम्हाला दवाखान्याची मूळ कागदं आणायला सांगितली होती ती आणलीत ना?" अरुंधतीबाईंनी विचारलं. "पहिल्यांदा भरती केलं तेव्हाच्या अर्जावर वडिलांनी स्वतः लिहून दिलंय, की चार वर्षांपर्यंत मुलीला काहीही त्रास नव्हता. खाली त्यांचीच सही आहे. ही सही आणि ती सही शेजारी ठेवली, की त्यांचं उत्तर कोसळतं. पण तुमचा मुलगा शपथेवर खोटं बोलला, हे भर कोर्टात उघडं पडेल. त्याच्यावर कारवाई करू नये अशी विनंती मी करीन. ती मानतीलच असं सांगता येत नाही. नाही म्हणालात तर मी दुसऱ्या मुद्द्यांवर लढीन. दहा मिनिटं आहेत, विचार करा."

मनकर्णाच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत दवाखान्याची कागदं, दोन पोळ्या, लोणच्याची फोड. तिने पिशवीचे बंद बोटांना गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. भरती केलं तो दिवस तिला आठवत होता. अमोल अनवाणी आला होता. चप्पल घालायचंही भान नव्हतं. अर्ज त्याने उभ्याउभ्याच लिहिला होता, बाजूच्या नर्सने कागद धरला होता.

तिने कागद काढून दिले. "घ्या," ती म्हणाली.

आत सगळं इंग्रजीत चाललं. ती मागच्या बाकावर बसून दोन्ही न्यायाधीशांचे चेहरे पाहत होती. सुमंत पलीकडच्या रांगेत होता, इस्त्रीचा शर्ट, हात मांड्यांवर. दोन कागद वर गेले तेव्हा थोरल्या न्यायाधीशांनी ते बराच वेळ वाचले. मग समोरच्या वकिलाला त्यांनी काही विचारलं, तो अडखळला, आणि त्यात 'फादर' हा शब्द तिला कळला. सुमंतने वळून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या पाहण्यात राग नव्हता. तू हे केलंस, असं काहीतरी होतं.

निकाल अरुंधतीबाईंनी तिला पायऱ्यांवर सांगितला. कारखाना कायमचा बंद करायचा नाही. पण धूर धुण्याचं यंत्र बसवून, अर्जदारासमोर मोजमाप होऊन ते मर्यादेत आल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही. अमोलवर कारवाई नाही. "धंद्याचा हक्क आहे, पण तो दुसऱ्याच्या छातीतून जात नाही, असं म्हणाले," अरुंधतीबाई आनंदाने म्हणाल्या आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. "जिंकलो आपण."

"हो म्याडम," मनकर्णा म्हणाली. पोळ्या पिशवीतच राहिल्या होत्या. परतीच्या बसमध्येही तिला त्या खाव्याशा वाटल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी चिमण्या थांबल्या. अमोल महिनाभर घरीच होता आणि त्या महिन्यात तो आईशी कामापुरतं बोलला. गावात त्याला दोन्हीकडून तोंड नव्हतं. कारखान्याच्या बाजूचे त्याच्या कागदामुळे हरलो म्हणत, आणि इतर हसत. फेब्रुवारीत नागपूरला, हुडकेश्वरच्या एका गॅरेजात काम लागलं. तिथेच खोली बघितली.

सामान छोट्या गाडीत चढवून झालं. वंदना मयुराला घेऊन पुढे जाऊन बसली. अमोल ओट्यावर येऊन उभा राहिला.

"माय, थो कागद देताना तुले काईच नाई वाटलं?"

"वाटलं."

"मंग?"

"त्यात खरं लिहिलं होतं, बाबू. तुह्याच हातचं."

"खोटंही माह्याच हातचं होतं," अमोल म्हणाला. "थे कोनासाठी लिहिलं होतं?"

ती काही बोलणार तोवर तो वळला होता. गाडी सुरू झाली. मग थांबली. वंदना उतरून धावत परत आली, तिने सासूच्या पायांना हात लावला आणि उठता उठता कानाशी म्हणाली, "आई, पोरीले एक महिन्यापासून पंप लागला नाई." एवढं सांगून ती पळत गेली.

मनकर्णाने पराटी एकटीने उपटली. चिमट्याने खोड धरायचं, मागे झुकायचं, हिसका द्यायचा. दिवसाला चार ओळी व्हायच्या. दर रविवारी मयुराचा फोन यायचा. ती आता वाक्य पुरं करून बोलायची. शाळेत धावायच्या शर्यतीत तिसरी आली म्हणाली. मागे अमोलचा आवाज ऐकू यायचा, पण फोन त्याच्याकडे जात नसे. "बाबा हात धुऊन राहिले, आजी," असं काहीतरी पोरगी सांगायची. दर वेळी तो हातच धूत असायचा.

एप्रिलच्या शेवटी यंत्र बसलं. मोजमापाच्या दिवशी सरकारी साहेब आले आणि कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे मनकर्णाला बोलावणं आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा ती त्या फाटकातून आत गेली. चिमणीजवळ निळी मोठी टाकी उभी होती, तिच्यातून पाण्याचा घरघर आवाज येत होता. भट्टी पेटवली. चिमणीतून फिकट वाफ निघाली आणि वर जाता जाता विरली. साहेबांनी नळी लावली, आकडे घेतले, दोन तासांनी पुन्हा घेतले. गावातले कामकरी फाटकाबाहेर उभे राहून पाहत होते.

"मर्यादेच्या आत आहे," साहेब म्हणाले. "तुमची काही हरकत?"

"लेकराच्या छातीले चालन का हे?"

"कायद्यानं ठरवून दिलंय त्याच्या खाली आहे, बाई. तेवढंच मी सांगू शकतो."

सुमंत बाजूला उभा होता. तो वाळला होता, दाढी वाढली होती. तिने हरकत लिहिली असती तर आणखी दोन महिने गेले असते, हे दोघांनाही माहीत होतं. मनकर्णाने पेन घेतलं आणि सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं. सुमंतने कागद घेऊन घडी घातली. 'काकू' असं त्याच्या ओठांवर आल्यासारखं तिला वाटलं. पण बाहेर फाटक उघडलं होतं आणि लोक आत येऊ लागले होते. ते तिच्या दोन्ही बाजूंनी गेले. "तीन महिने घरी बसवलं," कोणीतरी म्हणालं, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मे महिन्यात वडधऱ्याच्या छतांवर कुरडया आल्या. तीन उन्हाळे बायकांनी त्या घरात पंख्याखाली वाळवल्या होत्या, किंवा केल्याच नव्हत्या. बाहेर टाकल्या की तासाभरात काळ्या व्हायच्या. यंदा सकाळी मनकर्णा अंगणात आली, तर जिकडे पाहावं तिकडे धुतलेल्या लुगड्यांवर पांढऱ्या वळ्यांच्या रांगा होत्या. एकेका छतावर चार-चार बायका, हसणं, हाका, लहान पोरांना कच्चा चीक चाटवणं. एकीचं संपलं की साऱ्याजणी दुसरीच्या घरी जायच्या. पलीकडे चिमणीची फिकट वाफ आपल्या जागी होती.

तीन दिवस ती वाट पाहत राहिली. दरवर्षी तिलाच आधी बोलावणं असे. चीक कधी शिजला हे तिला वासावरून कळायचं. चौथ्या दिवशी तिने स्वतःचा गहू भिजवला.

चीक घोटायला दोन माणसं लागतात, एकाने पातेलं धरायचं, एकाने घोटायचं. तिने पातेलं दोन विटांमध्ये अडकवलं आणि उभ्याने घोटलं. सोऱ्या गुडघ्यांत दाबून धरला, दांडा दोन्ही हातांनी फिरवला. दुखऱ्या गुडघ्यातून कळ यायची तेव्हा ती थांबायची, पण चीक थंड होतो म्हणून पुन्हा लागायची. दहा वाजेपर्यंत अंगणातलं लुगडं भरलं. कुरडया सरळ रांगेत नव्हत्या, पण पांढऱ्या होत्या. वाळल्या की एक डबा हुडकेश्वरला पाठवायचा, असं तिने ठरवलं होतं. कोणाबरोबर, ते ठरलं नव्हतं.

ती घरात जाऊन आडवी झाली. डोळा लागत होता, तेवढ्यात वरून आवाज आला.

"मावशी! वं मावशी! बकरी शिरली तुह्या कुरडयात!"

दिपालीचा आवाज. डिसेंबरनंतर गावातल्या कोणी तिला मारलेली ती पहिली हाक होती. मनकर्णा धडपडत उठली, गुडघा धरत दारात आली, कोपऱ्यातली काठी घेतली. बकरीने एक रांग तोंडात घेतली होती. तिने तिला हाकललं, अंगणाबाहेरपर्यंत पाठलाग केला आणि धाप टाकत, चेहऱ्यावर हसू येत असताना, वर पाहिलं.

शेजारच्या छतावर कुरडया वाळत होत्या. दिपाली जिन्याने खाली उतरत होती. तिचं डोकं कठड्याआड जाताना तेवढं दिसलं.

मनकर्णा काठी घेऊन थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग लुगड्याजवळ बसली, बकरीने विस्कटलेल्या कुरडया एकेक उचलून पुन्हा रांगेत लावल्या, आणि उन्हातच, राखण करत बसून राहिली.